गुरुवारी दोन ते चार

त्या दुपारी मी स्वतःचंच रक्त खोट्या नावाने मशीनला लावलं.

आमची लॅब नाशकात, कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दीड वाजता मॅडम वरच्या मजल्यावर घरी जेवायला जात आणि काउंटरवरची मुलगी डबा उघडून मोबाइल बघत बसे. तेवढ्यात मी आतल्या खोलीत दातांनी रबरी पट्टा आवळला, डाव्या हाताची शीर चाचपली आणि ट्यूब भरली. फॉर्मवर मनाला येईल ते नाव लिहिलं, पुढे पुरुष, वय एकतीस. मोबाइल नंबर माझाच, फक्त शेवटचा आकडा बदलला. दहा वर्षं मी लोकांचं रक्त काढतोय, लेबल कधी वाकडं गेलं नव्हतं. त्या दिवशी ट्यूबवरचं लेबल तीनदा वाकडं चिकटलं.

तीन आठवडे डोकं जड होतं. अंघोळ केली की अंगभर खाज सुटायची. आरशात तोंड उन्हात राबून आल्यासारखं लाल दिसायचं, आणि मी तर दिवसभर एसीत बसणारा माणूस. काय झालं असेल याचा अंदाज होता. अंदाज होता म्हणूनच तपासायची भीती वाटत होती.

मशीनने मिनिटभरात आकडे दिले. हिमोग्लोबिन एकोणीस पॉइंट सहा, भोवती लाल चौकट. रक्त इतकं दाट झालेलं की पायात, फुप्फुसात, मेंदूत, कुठेही गुठळी अडकू शकते. दुसऱ्याचा असा रिपोर्ट आला की मी शांतपणे फोन उचलतो. माझा पाहून फोन कोणाला लावायचा तेच सुचेना. आणि लाल चौकटीचा रिपोर्ट आपोआप मॅडमच्या मोबाइलवर जातो, हे घाबरलेल्या डोक्यातून निघूनच गेलं होतं.

मॅडम हात पुसतच खाली आल्या.

"हा एकोणीस पॉइंट सहावाला कोण आहे?"

"आत्ताच गेला, मॅडम. स्वतःहून आला होता."

"फोन लाव. असा माणूस रस्त्यात पडेल."

"लागत नाहीये."

त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे प्रचंड गोंगाट.

"हॅलो, तुमचं रक्त आमच्याकडे तपासलं, त्याबद्दल बोलायचंय."

"कोणाचं रक्त?" एक माणूस ओरडून म्हणाला. "ओ मॅडम, मी देवळ्याला कांद्याच्या लिलावात उभा हाय. सकाळपासून पोटात चहा नाय, रक्त कोणाला देऊ?"

काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "रक्त तूच घेतलंस ना? चेहरा लक्षात असेल. परत दिसला तर आधी मला हाक मार."

मी मान हलवली. तो चेहरा त्यांच्यापासून दोन फुटांवर होता.

मी कोण ते इथेच सांगून टाकतो. गंगापूरकडच्या एका गावात, फुलांची शेती करणाऱ्या घरात मी मुलगी म्हणून जन्मलो. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मुलालाही चालतं आणि मुलीलाही, तेवढं माझं नशीब. चोविसाव्या वर्षी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. आवाज उतरला, दाढी आली, माझ्या तोंडातल्या 'गेले'चं 'गेलो' झालं. गावात सांगितलं गेलं की थोरली पुण्याला नोकरीला आहे. मी खरं तर घरापासून पाऊण तासावर सिडकोत खोली घेऊन राहत होतो.

या लॅबमध्ये लागताना ओळखीसाठी पॅनकार्ड दिलं. पॅनकार्डावर स्त्री की पुरुष ते छापलेलं नसतं. आधार मात्र जुनंच होतं, जुना फोटो, खाली 'स्त्री'. ते बदलायचं तर कागदपत्रं घेऊन चार ठिकाणी उभं राहावं लागणार, चार माणसांना सांगावं लागणार. मी ते कार्ड कपाटात सगळ्यात खाली, स्वेटरांच्या खाली ठेवलं होतं. लॅबमध्ये कोणालाच काही माहीत नव्हतं आणि त्या तीन वर्षांत मी एकही दिवस निर्धास्त बसलो नव्हतो. कोणी नुसतं "अरे, एक विचारू?" म्हटलं तरी मी दाराकडे बघायचो. बहुतेक वेळा त्याला चार्जर हवा असायचा.

मुंबईचे डॉक्टर परदेशी गेले. नाशकात मी दोघांकडे गेलो. एकाने आधी घरच्यांना घेऊन या म्हणून सांगितलं, मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. दुसऱ्याने जुनी चिठ्ठी बोटांच्या टोकांनी धरून परत केली आणि "आमच्याकडे हे होत नाही" एवढंच म्हणाला. मग व्यायामशाळेत अंग कमावणाऱ्यांना बाटल्या पुरवणारा एक माणूस सापडला. इंजेक्शन मी माझं मीच मांडीत घेत होतो. दाढी विरळ वाटली म्हणून डोस अंदाजाने वाढवला. या इंजेक्शनांनी रक्त दाट होतं, ते दर तीन महिन्यांनी तपासायला हवं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण कुठे तपासणार? शहरातले सगळे लॅबवाले एकमेकांना ओळखतात.

सांगावं असं एकच माणूस होतं, देवळाली कॅम्पातली आत्या.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, कॅम्पाच्या बाजारामागे तिचं शिवणकामाचं छोटं दुकान. फौजींच्या वर्दीवर फिती लावून देणं, पँट आखूड करणं हे तिचं काम. तरुणपणी ती हिजड्यांच्या घराण्यात राहिली होती, नंतर शिवण शिकली. दोन वर्षांपूर्वी घरी जाऊन रक्त घ्यायच्या एका फेरीत मी तिच्याकडे गेलो होतो. फॉर्मवर काही न विचारता मी 'स्त्री' अशी खूण केली. तिने ते पाहिलं. मी सुई काढली तसं तिने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "तू आमच्यातलाच ना रे?" मी कापसाचा बोळाही न लावता तिथून निघालो. तोंडावर कोणी ओळखण्याची ती माझी पहिली वेळ होती. आठवडाभर मला वाटत होतं, ती लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर बोलेल. ती आली नाही. शेवटी मीच गेलो, आणि मग जात राहिलो.

त्या रविवारी सीबीएस स्टँडवरून बस पकडून तिच्याकडे पोहोचलो. मशीनवर हिरवी वर्दी होती. कोपऱ्यात पेठ तालुक्याकडची एक पोरगी बसली होती, एक पाय स्टुलावर ठेवून. पोरगी म्हणायचं, पण बावीस-तेवीसची. गावाने हाकलल्यावर आत्याकडे आलेली. हार्मोन मिळत नाहीत म्हणून ती बाईमाणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या मुठीने खायची. कोणीतरी सांगितलं होतं, त्याने अंग मऊ होतं. पायात गुठळी झाली. दवाखान्यात नेलं तर पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं. तोवर ती व्हरांड्यात स्ट्रेचरवर. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कायमचा सुजका राहिला.

मी रिपोर्टचा कागद आत्यासमोर ठेवला. तिला आकडे कळत नव्हते, लाल चौकट कळली.

"हिच्यासारखंच होणार का?"

"होऊ शकतं."

"ती बाटली बंद कर. आजच."

"बंद केली तर पाळी परत येईल, आत्या."

तिने मशीनवरची वर्दी बाजूला केली. ही भीती तिला समजावून सांगावी लागत नव्हती. पोरगीच कोपऱ्यातून म्हणाली, "पाळी आली त चालल. पाय गेला त चालता येत नाय."

आत्या गेलं वर्ष-दीड वर्ष शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचे उंबरे झिजवत होती. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिचं मागणं साधं होतं: आठवड्यातून एक दिवस, एक खोली, एक हार्मोनचा डॉक्टर, आणि रक्त तपासायची सोय. मागणीचे अर्ज बाहेरच्या टेबलावरूनच परत येत. "मला ते डॉक्टरी शब्द येत नाहीत," ती म्हणायची. "तू लिहून दे. तू चल बरोबर." मी दोनदा नाही म्हटलं होतं. लिहून देण्याला माझी ना नव्हती, पण त्या दारात त्यांच्याबरोबर उभं राहायचं म्हणजे दिसायचं. कोणीतरी फोटो काढणार, तो व्हॉट्सअॅपवर फिरणार, कुठल्यातरी ग्रुपवर गावातलं माणूस असणार. पण त्या रविवारी लाल चौकटीची भीती त्या भीतीहून मोठी ठरली. मी हो म्हटलं.

निवेदन मी तीन पानांचं लिहिलं. कोणत्या तपासण्या, किती महिन्यांनी, कोणता डोस धोक्याचा, सगळं. पोरगीचा पाय त्यात एका परिच्छेदात बसवला आणि लिहिताना वाटलं, पुढच्या वेळी कोणीतरी माझा परिच्छेद लिहील. ते आत जायला महिना लागला. एकदा साहेब मिटिंगमध्ये होते, एकदा सही करणारा माणूस रजेवर होता. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "बसा, बोलावलंय."

आम्ही तिघं आत गेलो. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर साठीकडे झुकलेले, चष्म्यावरून बघणारे. वाईट माणूस नव्हता. फक्त घाईत होता.

"बोला पटकन."

आत्या बोलायला लागली. तिचा आवाज भरदार, आणि ती घाबरली की अजूनच वर चढतो. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. "ताई, इथे सगळ्यांवर उपचार होतात. वेगळी ओपीडी कशाला? उद्या प्रत्येक समाज वेगळी मागेल." पोरगीने काही न बोलता साडी घोट्यापासून वर सरकवली. त्यांनी पायाकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. इस्त्रीचा शर्ट, दाढी, हातात फाइल.

"आणि तुम्ही? संस्थेतर्फे आलात का?"

मी फाइल उघडून मिटली. मला आत्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मी म्हणालो, "मी लॅब टेक्निशियन आहे, सर. यांना थोडी मदत करतो."

यांना. तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि परत घेता येईना.

"मग बसा ना. खुर्ची घ्या," ते म्हणाले. आत्या उभी होती, पोरगी सुजलेल्या पायावर उभी होती, आणि खुर्ची मला मिळाली. मी बसलो. मी आकडे सांगितले, बाजारातून आणलेल्या इंजेक्शनांचं सांगितलं, रक्त दाट होतं ते सांगितलं. "माझ्या माहितीत एक केस आहे, हिमोग्लोबिन एकोणीसच्या वर," असंही म्हणालो. ते पुढे वाकून ऐकत होते, मला "बरोबर, बरोबर" म्हणत होते. वीस मिनिटांनी त्यांनी कोणालातरी फोन केला. तीन महिने प्रायोगिक, गुरुवारी दुपारी दोन ते चार. पेशंट आले तर पुढे बघू, नाही आले तर बंद. निघताना एका कर्मचाऱ्याने निवेदन देतानाचा फोटो काढायला मोबाइल वर धरला. मी फाइल शोधायच्या निमित्ताने दाराबाहेर सटकलो.

परतताना रिक्षा केली. द्वारका चौक मागे पडला तसं मी म्हणालो, "आत्या, माझ्याच्याने झालं नाही."

"ऐकलं मी." ती बाहेरच बघत होती. "तू खरं बोलला असतास तर तुलाही उभं केलं असतं. काम झालं नसतं. मला राग नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "वाईट वाटलं. राग नाही."

पहिल्या गुरुवारी मी मॅडमना दात दुखतोय सांगून निघालो आणि रुग्णालयासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. तिथून ओपीडीचं दार दिसत होतं. आत जायचं होतं, पण रस्ता ओलांडवेना. आत्याने पंधराएक जणांना निरोप दिले होते. त्यातला एकही आला नाही. कोणाला मालकाची भीती, कोणाला घरच्यांची, कोणाला पुन्हा स्ट्रेचरवर पडून राहण्याची. आत्याही गावाकडच्या एका मयताला गेलेली. चार वाजता एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, दोन्हीकडे पाहिलं आणि कुलूप लावून गेली. मी चार चहा प्यायलो होतो. खोलीवर येऊन मी दार लावून बसून राहिलो.

पुढच्या गुरुवारी सकाळी एका आजोबांचं रक्त घेताना माझ्या डाव्या डोळ्यापुढे कोणी पडदा ओढावा तसं झालं. अर्धा मिनिट, जास्त नाही. सुई शिरेच्या बाजूने गेली. आजोबा "आई गं" म्हणाले. मी माफी मागितली, दुसऱ्या हाताला सुई लावली, आणि बाथरूममध्ये जाऊन एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा झाकून बघितला. दोन्ही डोळ्यांना दिसत होतं. दुपारी खोलीवर जाऊन स्वेटरांखालून आधारकार्ड काढलं.

केसपेपरच्या खिडकीसमोर लांब रांग होती. माझा नंबर आला तेव्हा पावणेतीन झालेले.

"आधार," आतली बाई म्हणाली. मी दिलं. तिने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे कोणाचं आणलं? पेशंटचं द्या."

"पेशंटचंच आहे."

"अहो, हे लेडीजचं आहे. पेशंट कुठाय?"

"मीच आहे."

ती मोठ्याने बोलणारी होती, वाईट हेतूने नव्हे, काचेपलीकडून सगळेच मोठ्याने बोलतात. मागची रांग गप्प झाली. मी हळूच म्हणालो, "गुरुवारची ओपीडी. दोन ते चारची." तिने कार्ड उलटंपालटं केलं, शेजारच्या माणसाला दाखवलं, त्याने खांदे उडवले. शेवटी तिने माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, टाइप करता करता मोठ्याने वाचलं.

"अगं बया," मागून आवाज आला. "तू फुलवाल्यांची थोरली ना?"

मी वळलो. आमच्या शेजारच्या मळ्यातली काकू. माझ्या आईबरोबर तीस वर्षं एकाच टेम्पोतून फूलबाजारात जाणारी. हातात तिची स्वतःची फाइल, डोक्यावरून पदर. ती माझ्या दाढीकडे बघत होती. मला वाटलं, आता इथेच डोकं फुटणार, गुठळी नको आणि काही नको.

"हो काकू," मी म्हणालो.

तिने पदर पुढे ओढला. मी केसपेपर उचलला आणि रांगेतून निघालो. जिना चढताना कठड्याला धरून चढलो. पाठीवर तिची नजर आहे की नाही, हे वळून बघण्याची हिंमत नव्हती.

खोलीत ती तरुण डॉक्टरीण एकटीच होती. मला बघून ती उभीच राहिली. दोन गुरुवार रिकाम्या खोलीत बसल्यावर तिलाही कोणी येणारच नाही अशी भीती वाटू लागली असावी. "मी खरं सांगते," ती म्हणाली, "मी अशा केस फार बघितलेल्या नाहीत. पुण्याच्या माझ्या सरांना विचारून विचारून करेन. चालेल?" मुंबईचे डॉक्टर गेल्यापासून माझ्याशी इतकं खरं कोणी डॉक्टर बोललं नव्हतं. मी सगळं सांगितलं. बाटल्या, डोस, खोटं नाव, डोळ्यापुढचा पडदा. ती लिहीत गेली. मग स्वतः माझ्याबरोबर रक्तपेढीत आली. तिथे खाटेवर झोपवून माझं एक बाटली रक्त काढून घेतलं, दाटपणा कमी व्हावा म्हणून. सुई लावणारा मुलगा नवखा होता. मी छताकडे बघत होतो आणि डोक्यात फक्त काकू होती. टेम्पो, बाजार, काकूचं तोंड, आईचा कान.

माझी आई पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात झेंडू घेऊन येते. महिन्यातून एकदोनदा मी तिथे तिला भेटतो. ती गर्दीपासून बाजूला होऊन मला भाकरीचं फडकं देते, आणि बोलताना मला ना 'आली' म्हणते ना 'आला'. "आलं का माझं पोर? जेवलं का?" एवढी वाट तिने स्वतःच शोधून काढली होती. वडिलांनी मला सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. एरवी ती कधीच फोन करत नाही.

"काकू बोलली."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"म्हणे, पोराचं तोंड लालबुंद झालंय. केसपेपर घेऊन उभं होतं. काय होतंय तुला?"

"रक्त दाट झालंय. काल काढलं. आता बरं आहे."

"मरणार नाही ना?"

"नाही गं."

मागे कोणीतरी खोकललं. ते वडिलांचं खोकलणं होतं, मी कुठेही ओळखेन. मी फोन कानाला घट्ट धरला. आई दूर जाऊन काहीतरी म्हणाली, मग परत आली. "ते म्हणतात, दिवाळीला इकडं यायचं नाही. काकूने टेम्पोत सगळ्यांना सांगितलंय." आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "दवाखाना चुकवू नको." फोन ठेवला तिने. ती दिवाळी मी आत्याकडे काढली. ऐन सणात वर्दीवाल्यांची गर्दी होती, मी बटणं लावून दिली.

मॅडमना सांगणं राहिलं होतं. गावात कळलं म्हणजे कॅनडा कॉर्नरला कळायला किती दिवस लागणार? कोणाकडून तरी ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं, असं ठरवून एका दुपारी त्या जेवून खाली आल्यावर मी केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग एकदम संतापल्या.

"तो एकोणीस पॉइंट सहा तू होतास? माझ्या मशीनवर खोट्या नावाने सॅम्पल? मी त्या कांदेवाल्याला फोन करतेय आणि तू शेजारी उभा?"

"हो, मॅडम."

"मेला असतास तर?" त्या एवढ्याने थांबल्या नाहीत, बराच वेळ बोलल्या, आणि सगळं त्या सॅम्पलबद्दल. बाकीच्याबद्दल एक अक्षर नाही. मी जायला निघालो तेव्हा म्हणाल्या, "गुरुवारी दीडला निघत जा."

नोकरी राहिली. पण पुढच्या आठवड्यापासून घरी जाऊन रक्त घ्यायच्या यादीतून बायकांची नावं दुसऱ्याकडे गेली. "पेशंट बोलतील," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. बोलले कोणीच नव्हते. काउंटरवरची मुलगी आता मला चार्जर मागत नाही. एका सकाळी लिफ्टमध्ये ती माझ्याकडे बघून घाईने हसली आणि पहिला मजला येईपर्यंत नंबरांकडे बघत राहिली.

रक्त तीन वेळा काढावं लागलं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन सोळावर आलं आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने मोजून, कमी डोसचं इंजेक्शन दिलं. मधल्या काळात पाळी आलीच. ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही.

पेठकडची पोरगी पाचव्या गुरुवारी आली. आत्या तिला धरून आणत होती आणि ती दारात हटून बसली होती. "मला स्ट्रेचरवं नाय झोपायचं." डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, फरशीवर उकिडव्या बसल्या आणि तिथेच टेप लावून तिचा पाय मोजला. मग ती उठून आत गेली. तिच्यानंतर हळूहळू माणसं येऊ लागली. कोणी रुमालाने तोंड बांधून, कोणी जिन्यातूनच परत जाणारं. मी आता दर गुरुवारी दारापाशी बाकावर बसतो. कोणी मोबाइल वर धरला की अजूनही माझी मान आपोआप खाली जाते.

प्रयोगाचे तीन महिने संपून गेले. मुदतवाढीचं पत्र हातात नाही, तोंडी "चालू ठेवा" सांगितलंय. डॉक्टरीणबाईंच्या बदलीचं काहीतरी चाललंय असंही ऐकतो. दर गुरुवारी जिना चढताना वाटतं, आज कुलूप असेल.

गेल्या गुरुवारी धोतर-टोपीतला एक म्हातारा माणूस सटाण्याहून आला होता. बरोबर पंचवीसएक वर्षांचं लेकरू, ओढणीने तोंड झाकलेलं. त्याने मला विचारलं, "भाऊ, हाऊच दवाखाना शे का?" मी हो म्हणालो. केसपेपर खालून काढावा लागेल, आधारकार्ड लागेल, असं सांगितलं. तो खिशातलं कार्ड चाचपत तिथेच उभा राहिला. खालच्या खिडकीकडे बघत म्हणाला, "त्या काय लिखतीन, भाऊ?"

मी म्हणालो, चला, मी येतो. आम्ही तिघं खाली उतरलो. रांगेत आमच्यापुढे सात माणसं होती.